वरसुळ्याचा उभा धडा

"बाकं भिंतीला लावा," तांबोळी सर म्हणाले, आणि नववीच्या वर्गात एकच गलका उडाला. बाकं भिंतीला म्हणजे आज उभा धडा!

उभा धडा हे नाव आमचंच. सर त्याला काहीतरी भारदस्त म्हणायचे, ते मला तेव्हाही पाठ झालं नाही आणि आता तर विसरलेच. दोन तास सलग, पुस्तक दप्तरात, बाकं भिंतीला, आणि बसायला काही नाही, म्हणून उभा धडा. सर त्या जूनमध्येच आमच्या शाळेत आले होते, मिरजेकडून. अंगानं काटकुळे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आवाज इतका हळू की मागच्या बाकांनी पहिल्याच दिवशी त्यांना निकालात काढलं. मग ऑगस्टात त्यांनी दुष्काळाचा धडा घेतला. मैदानाच्या एका कडेचे दगड दुसऱ्या कडेला न्यायचे, हे आमचं दुष्काळी काम. तासाभरानं हुकूम आला, मजुरी निम्मी. काम संपल्यावर एकेकाच्या तळहातावर सरांनी चार फुटाणे ठेवले. चार! आणि मी, जिच्या घरी शेंगांचं पोतं बाराही महिने उघडं, त्या मी दोन खाल्ले आणि दोन रुमालाच्या टोकात बांधले. का? तर माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, घरी दोन लेकरं आहेत. शाळा सुटल्यावर ते दोन फुटाणे बघत मी रस्त्यात उभीच राहिले होते. त्याआधी इतिहास म्हणजे सनावळ्या, आणि सनावळ्या म्हणजे माझे पस्तीस मार्क, एवढंच मला ठाऊक होतं.

उभ्या धड्याचे नियम तीन. चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावरचा माणूस व्हायचं. चिठ्ठीवर आहे तेवढंच त्या माणसाला माहीत, त्यापलीकडं काही नाही. आणि तिसरा, ज्याच्यावर सर अगदी अडून बसायचे: पुढं काय झालं ते तोंडातून काढायचं नाही.

"त्या माणसांना पुढचं पान वाचायला मिळालं नव्हतं," सर म्हणायचे. "तुम्हालाही मिळणार नाही."

त्या दिवशी, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, कुणीतरी विचारलं, "सर, आज कुठला धडा?"

"पुस्तकात नसलेला," सर म्हणाले. खूश दिसत होते. फळ्याकडं वळून त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: वरसुळे, १८ मार्च १९६३.

मी पोरींच्या मागं सरकले.

आता हे सांगायलाच पाहिजे. आमचं गाव नवं वरसुळे. जुनं वरसुळे धरणाच्या पाण्याखाली आहे. सरकारनं गाव उठवून इथं माळावर आणून बसवलं, तेव्हाची एक गोष्ट आमच्या गावात रांगतं पोरसुद्धा सांगेल. धरणाचे साहेब संमतीला आले. गावानं देवळात बेलभंडारा उचलला, की मरू पण अंगठा देणार नाही. आणि एकानं शपथ मोडली. पहिला अंगठा दिला. त्यानं गावाचं कंबरडं मोडलं. तरीसुद्धा बाकीचं गाव तीन महिने दम धरून राहिलं, ते पोलीस येऊन बाहेर काढीपर्यंत. ही गोष्ट जत्रेत सांगायचे, लग्नात सांगायचे, सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावरसुद्धा सांगायचे.

तो एक म्हणजे ज्ञानू सपकाळ. माझे आबा, वडिलांचे वडील.

गावात आमच्या घराला कुणी सपकाळ म्हणत नसे. अंगठेवाले. "अंगठेवाल्यांच्या घरापासनं डावीकडं वळा." जत्रेत देवापुढं घराघराचे नारळ फुटायचे, त्यात आमचा सगळ्यात शेवटी, निम्मी माणसं जेवायला उठून गेल्यावर. माझे वडील मान खाली घालून नारळ देऊन यायचे. आबा तर तेवढंही करत नसत. ते पारावर बसत नव्हते, देवळात जात नव्हते, शेत आणि घर, घर आणि शेत. मी एकदा लहानपणी त्यांना सरळ विचारलं होतं, "आबा, तुम्ही का दिला वो अंगठा?" तर ताटावरून उठून गेले. आईनं मला बदडलं. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बंद.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हते. पोरं मला बघून अंगठा नाचवायची, मी दगड मारायचे. हिशेब सरळ. पण आत कुठंतरी मलाही वाटायचंच, की चाळीस घरं टिकली आणि आमच्याच म्हाताऱ्याला काय धाड भरली होती?

तांबोळी सरांना यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. ते तालुक्याला राहायचे, एसटीनं यायचे, एसटीनं जायचे. आमच्याच गावाचा धडा करून आम्हाला चकित करायचं म्हणून त्यांनी गावात कुणाला विचारलंच नाही. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यांनी जुन्या कचेरीतले कागद उपसण्यात घालवली, आणि त्याच धरणातून उठून दुसरीकडं वसलेल्या म्हाताऱ्यांना भेटण्यात. वरसुळ्याचा धडा करायचा आणि वरसुळ्यात चौकशी करायची नाही! भला माणूस, पण चूक केली.

"सर," धैर्यशील पाटील म्हणाला. हा आमच्या गावच्या पाटलांचा नातू, शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू, वर्गाचा मॉनिटर, सगळं एकटाच. "सर, वनीला नका घेऊ. ती पहिल्या पाच मिनिटांत अंगठा देईल."

वर्ग फिसकन हसला. सरांना कळेना. "का? वनितानं काय केलं?"

सरांसमोर सांगायची कुणाची छाती नव्हती, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मला चिठ्ठी द्या, सर," मी म्हणाले. त्या वेळी मनात मी शपथच घेतली. जीव गेला तरी बेहत्तर, पण मी अंगठा देणार नाही. सगळे देतील आणि एकटी वनिता सपकाळ या वर्गात उभी राहील, मग बघू कोण कुणाला काय म्हणतं.

चिठ्ठी उघडली. सरांचं बारीक अक्षर. तुम्ही तुकाराम. साडेतीन एकर, नदीकाठची. घरात आई, डोळ्यांनी अधू, अंथरुणातून उठत नाही. बायको, तीन मुलं. नदीवर पूल नाही. पावसाळा लागला की होडी बंद.

सर टेबलामागं जाऊन बसले. टेबलावर एक वही, शाईचं पॅड आणि गजराचं घड्याळ. टेबलामागं बसले की ते सर नसत. आवाज तोच, पण आम्हाला अहो-जाहो सुरू.

"या मंडळी. मी धरणाच्या कामावरचा अधिकारी. आज पाच वाजेपर्यंत मुदत आहे. जे आज संमती देतील त्यांना सामानाला गाडी मिळेल, आणि नव्या जागी विहिरीजवळचा तुकडा. संमती दिलेल्यानं दाराबाहेर जायचं. गाव सोडलं म्हणजे सोडलं, परत आत यायचं नाही."

"आणि जे देणार नाहीत त्यांचं?" धैर्यशीलनं विचारलं.

"त्यांचं मला आज सांगता येणार नाही," साहेब म्हणाले.

साधंच वाक्य. पण मला ते ऐकून कसंतरीच झालं. आमच्या गोष्टीत साहेब दरडावायचे, धमक्या द्यायचे. हा माणूस दिलगिरीनं बोलत होता आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती.

धैर्यशीलनं पुढारपण घेतलंच. त्याच्या चिठ्ठीवर काय होतं कुणास ठाऊक, पण तो तरातरा खिडकीपाशी गेला, बाहेरच्या कडुनिंबाची डहाळी ओढून घेतली, पिवळा खडू डस्टरनं कुटला आणि कंपासपेटीच्या झाकणात ओतला. "बेलभंडारा उचला सगळ्यांनी! जो अंगठा देईल तो गावाचा नव्हे!"

आम्ही एकेक जण पुढं झालो. पाला आणि खडूची पूड हातात घेतली आणि म्हणालो, देणार नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांहून मोठ्यानं म्हणाले. बोटं पिवळी झाली होती आणि खरं सांगते, खडू आहे हे त्या वेळी डोक्यातच नव्हतं.

पहिला अर्धा तास नुसती धमाल. घोषणा काय, भाषणं काय! शेजारच्या आठवीच्या वर्गातून मास्तर दोनदा डोकावून गेले. साहेब शांत बसलेले. मग त्यांनी एक कागद उचलून वाचला. "पलीकडच्या गावानं सकाळी सह्या केल्या. सगळ्या."

घोषणा जराशा कमी झाल्या.

दहा मिनिटांनी दुसरा कागद. "तुमच्या शाळेच्या मास्तरांची बदली झाली. एक तारखेपासून शाळा बंद."

"होऊ दे बंद!" कुणीतरी ओरडलं, पण बाकीचे हसले नाहीत.

तिसरा कागद. "एसटीचा फेरा बंद करण्यात येत आहे." चौथा. "दहा जूनला धरणाचे दरवाजे बंद होतील."

आणि मग वर्गात काय झालं ते मला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. सगळे बोलायचेच थांबले. चौतीस पोरं, त्यातली निम्मी अशी की मुख्याध्यापकांच्या छडीलाही गप्प न बसणारी, आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. कुणी खिडकीबाहेर बघतंय, कुणी नखं कुरतडतंय, कुणी चिठ्ठी पुन्हा पुन्हा उघडून वाचतंय, जशी काही तिच्यावर नवी ओळ उगवणार होती. माझ्या शेजारी मंगल, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या चिठ्ठीचा तिनं चोळामोळा केला होता.

"काय गं?" मी हळूच विचारलं.

"माझी गाय व्यायला झालीय," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

मी एकेकाचं तोंड बघत गेले. आणि मला दिसलं. अगदी लख्ख दिसलं. सगळ्यांना अंगठा द्यायचा होता. चौतीसच्या चौतीसांना. आणि त्यातल्या एकालाही पहिलं व्हायचं नव्हतं.

धैर्यशील माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, आता चिडवेल. पण त्या नजरेत चिडवणं नव्हतं. तो वाट बघत होता. मी हलेन, याची वाट बघत होता. मी दुसरीकडं बघितलं, तर तिथलाही एक जण माझ्याकडंच बघत होता.

घड्याळाचा काटा पाचकडं सरकत होता. आणि माझी आई डोळ्यांनी अधू होती. हे मी आज सांगते आहे तेव्हा हसू येतं, माझी आई तेव्हा घरी ठणठणीत, भाकऱ्या थापत असणार. पण त्या खोलीत मला दुसरी आई होती आणि ती अंथरुणातून उठत नव्हती. पाऊस लागला की होडी बंद. मग तिला पाठीवर घेऊन मी नदी कशी ओलांडू? पाणी येईल तेव्हा मी तिला कुठं नेऊन ठेवू? एवढा एकच विचार डोक्यात. शपथ गेली, वर्ग गेला, आबाही गेले. माझे पाय टेबलाकडं निघाले तेव्हा मीच त्यांच्याकडं बघत होते.

"साहेब, आईला उचलून न्यायला माणसं मिळतील का?"

"मिळतील," साहेब म्हणाले. "आज सांगाल तर."

"मग लिहा."

शाई थंडगार होती. अंगठा वहीवर टेकला, उचलला, आणि तेव्हा कुठं मला आठवलं की मी कोण. कुणाची कोण. मी मागं बघितलंच नाही. तशीच दाराबाहेर पडले आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि दुसरीकडं असं काही वाटत होतं की ज्याला त्या वयात माझ्याकडं शब्द नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा आत सोडल्यावर वाटतं, तसं काहीतरी.

मी बसते न बसते तोच मागं दार वाजलं. मंगल. तिच्या अंगठ्याला शाई. ती बसली नाही तोच विलास. मग दोघे एकदम. मग तीन. नंतर तर दाराशी रेटारेटी सुरू झाली. धैर्यशील सहावा की सातवा आला. पुरती पाच मिनिटं झाली नसतील आणि वर्ग रिकामा! एकही जण आत राहिला नाही. चौतीस काळे अंगठे पायऱ्यांवर.

आणि मग सगळी मला धुऊ लागली.

"तुझ्यामुळं गेलं गाव!"

"आम्ही टिकणार होतो! तू मधेच उठलीस!"

"शपथ घेऊन मोडलीस! लाज न्हाई वाटली?"

खेळात नव्हे हो, खरंच. विलासच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मंगल, माझ्यापाठोपाठ दुसरी आलेली मंगल, हुंदके देत म्हणाली, "तू थांबायला पाहिजे होतंस, वने."

"अगं, मी पायरीवर टेकले नाही तर तू आलीस!"

"तू गेलीस म्हणून आले ना!"

मी आ वासून बघत राहिले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं, शाई वाळली नव्हती, आणि तेहतीस जणांच्या मनात गोष्ट तयारसुद्धा झाली होती. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं.

सरांनी आत बोलावलं. उभ्या धड्याचा शेवट ठरलेला असायचा: खरा कागद. प्रत्येक धड्याला सर कुठून तरी त्या काळचा एखादा कागद शोधून आणायचे आणि आमच्याकडून वाचून घ्यायचे. आज त्यांनी पिशवीतून झेरॉक्सची तीन पानं काढली. त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते सुट्टीभर जपलेलं कौतुक होतं.

"वरसुळे गावाची संमतीची यादी. अगदी मूळ वहीवरून काढून आणली. एक्केचाळीस घरं. धैर्यशील, तू वाच, तुझं वाचन स्वच्छ आहे."

धैर्यशील पुढं झाला. कागद हातात घेतल्यावर त्याच्यात पुन्हा तो जुना धैर्यशील आला. माझ्याकडं बघून त्यानं मुद्दाम आवाज चढवला. "एक. ज्ञानू बाळा सपकाळ. अंगठा. अठरा मार्च."

वर्गात खसखस पिकली. सरांनी चमकून माझ्याकडं बघितलं. सपकाळ. त्यांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला.

"दोन," धैर्यशील म्हणाला आणि थांबला.

"वाच की," मागून कुणीतरी म्हणालं.

तो वाचेना. मान खाली घालून बघत राहिला. सरांनी हळूच कागद त्याच्या हातून घेतला, आणि त्यांनी वाचलं. "दोन. शंकर रामराव पाटील. सही. अठरा मार्च."

शंकरराव पाटील म्हणजे धैर्यशीलचे आजोबा. गोष्टीतले ते शंकरराव, जे तीन महिने गावाच्या पुढं छाती काढून उभे राहिले होते, ज्यांना पोलिसांनी उचलून गाडीत घातलं होतं. सव्वीस जानेवारीला ती गोष्ट तेच सांगायचे.

"खोटं आहे," धैर्यशील म्हणाला. "कुणीतरी मागनं लिहिलंय."

सरांनी कागद त्याच्यापुढं धरला. धैर्यशीलनं सही बघितली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर आजोबाच सही करायचे, आम्ही सगळ्यांनी ती बघितलेली. आडनावाखाली ओढलेली रेघ आणि रेघेला दोन टिंबं. त्या कागदावर तीच रेघ होती, तीच दोन टिंबं. तो जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

"तीन," सरांनी वाचलं. अठरा मार्च. चार, अठरा मार्च. विलासचे पणजोबा. मंगलचे चुलत आजोबा. एकेक नाव येत होतं आणि एकेक डोकं खाली जात होतं. एक्केचाळिसावं नाव, अठरा मार्च. जे आत्ता आपण केलं होतं, तेच आपल्या म्हाताऱ्यांनी तिथं, त्या पाण्याखालच्या चावडीत केलेलं होतं, ओळीनं, रेटारेटी करत. आणि ते सगळं या तीन पानांवर एकतीस वर्षं कचेरीत पडून होतं. पुन्हा तेच गाभाऱ्यातलं वाटणं.

शाळा सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. "वनिता, मला खरंच ठाऊक नव्हतं गं. नाहीतर मी असं चारचौघांत..."

"सर, तो कागद मला द्या."

त्यांनी क्षणभर विचार केला. शाळा समितीचे अध्यक्ष कोण हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी तिन्ही पानं घडी करून माझ्या हातात ठेवली.

फाटकापाशी धैर्यशील उभा होता, एकटा. "कुणाला दाखवणार आहेस?"

"आबांना."

"आणि गावात?"

ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. तो बाजूला झाला आणि मी घराकडं धावत सुटले.

आबा खळ्यावर बसले होते, भुईमुगाच्या वेलांच्या ढिगापाशी, शेंगा तोडत. ऊन कलायला लागलं होतं. मी धापा टाकत त्यांच्यासमोर बसले आणि आमच्या घरात बंद असलेला शब्द एका दमात बोलून टाकला. धडा सांगितला, चिठ्ठी सांगितली, आंधळी आई सांगितली. "आबा, मी दिला अंगठा. पहिला. मी देणारच नव्हते, पण सगळे नुसते बघत बसले होते वो."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता उठून जाणार. पण ते उठले नाहीत. खाली बघतच म्हणाले, "आमी बी असंच बसलो हुतो. चावडीत. तुजी आजी धाकट्या आत्याच्या येळची, दिवस भरल्याली. समदी खाली बघत्यात. मला बघवंना." मग जरा थांबून, "तू दिल्यावर मग?"

"मी बाहेर आले."

"मी बी. तसाच घरी ग्येलो, गाडी जुपली आन् दोन रोजांत हितं आलो. मोकळ्या माळावर आमचं येकटं खोपाट. समदं गाव आलं ते सुगीसराई झाल्यावर, पाऊस लागताना." त्यांनी एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरली. "आल्या आल्या शंकरराव म्हणलं, ग्यानबा, आमी धरून हुतो रं. तू दम काढला असतास तर सरकार नमलं असतं. गाव वाचलं असतं."

तेव्हा मला कळलं. माझे आबा गावाला भिऊन गप्प बसले नव्हते. त्यांना गोष्ट खरी वाटत होती! त्या दिवशी ते दाराबाहेर पडले ते मागं वळून न बघता, आणि मागं काय झालं ते त्यांना कधी कळलंच नाही. अक्षरओळख नाही, कचेरीत पाय ठेवला नाही, सांगणारे सगळे तेच. गाव त्यांना अंगठेवाला म्हणत होतं आणि ते स्वतःलाही तेच म्हणत होते, एकतीस वर्षं.

मी घडी उलगडली. "आबा, ही यादी आहे. त्या वहीतली. वाचू?"

त्यांनी मान हलवली की नाही ते नीट दिसलं नाही. मी वाचलं. "एक. ज्ञानू बाळा सपकाळ. अंगठा. अठरा मार्च."

"व्हय."

"दोन. शंकर रामराव पाटील. सही. अठरा मार्च."

"किती तारीख म्हणलीस?"

"अठरा मार्च."

"न्हाई, ती माजी. शंकररावाची किती?"

"तीच, आबा. त्याच दिवसाची."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी पुढं वाचायला लागले. प्रत्येक नावाला ते थांबवत होते. "तारीख?" "तीच." "आन् महादू जंगमाची?" "तीच." "धोंडीबाची बी? त्यो तर म्हणायचा, मला पोलिसांनी मारलं..." "त्यांचीही तीच, आबा. सगळ्यांची तीच." त्यातले कितीतरी केव्हाच मेले होते. काहींच्या मयतीला आबा गेले होते, मागून, चौथ्या फळीत चालत. पंधराव्या-सोळाव्या नावानंतर त्यांनी तारीख विचारणं सोडलं. नुसते ऐकत होते. हातातली शेंग कधी गळून पडली, ते त्यांना कळलं नाही.

एक्केचाळीस नावं झाली. मी कागद खाली ठेवला. आबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा नाही.

"म्हंजी गाव माज्यानं मोडलं न्हवतं," ते म्हणाले. मला नव्हे, असंच, समोरच्या माळाला.

"नाही, आबा."

मग त्यांनी कागदाकडं बोट केलं.

"परत वाच."

मी पहिलं पान वर घेतलं. "एक. ज्ञानू बाळा..."

"माजं न्हाई," आबा म्हणाले. "माजं मला ठावं हाय. दोनपासनं वाच."